पावसाळ्याआधी कपाट आवरताना या चुका टाळा

आमच्या नात्यात कुणाचे कपडे खराब झाले की बोलावणं मला येतं. नवरात्राआधी गोधड्या, चादरी धुवायला निघतात, तेव्हा दरवर्षी तीच तक्रार: साडीला कुबट वास, स्वेटरला भोकं, जर काळी पडलेली. नुकसान आश्विनात दिसतं, पण ते झालेलं असतं ज्येष्ठात, कपडे आत ठेवताना.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे ‘एकदाच तर नेसले’ म्हणून साडी तशीच घडी घालून ठेवणं. माझ्या थोरल्या जाऊबाई साताऱ्यात शाहूपुरीत राहतात. वैशाखातल्या एका लग्नात त्या त्यांच्या आईचा शालू नेसल्या. रात्री दमून आल्या, शालूची घडी घातली, दुकानातून आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवली आणि घडीघडीत डांबरगोळ्या टाकल्या. कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं, आणि पाऊस झोडपतो तो त्याच भिंतीला. घटस्थापनेच्या दोन दिवस आधी आम्ही पिशवी उघडली. कमरेपाशी घामाचे पिवळे डाग, घडीच्या रेषेवर जर काळी, आणि निऱ्या उलगडताना रेशीम चर्रकन फाटलं. जाऊबाई पदर हातात घेऊन बसून राहिल्या. रफू करून घेतलं, पण तो शालू आता नेसण्याजोगा नाही.

जुन्या जरीत चांदीची तार असते, दमट हवेत ती काळवंडते. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून राहते. घाम वाळला तरी त्यातले क्षार कापडातच राहतात. मी नेसलेली साडी एक रात्र पंख्याखाली दोरीवर टाकते, मग धुवट सुती पंच्यात गुंडाळते, जर आतल्या बाजूला. डांबरगोळी वापरायचीच तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीला टेकू देऊ नका. मी कडुनिंबाचा पाला ठेवते, पण कडकडीत वाळलेला. श्रावणात ऊन पडलं की साड्या बाहेर काढते आणि घडी बदलते. हे कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा जवळचा रस्ता मला सापडलेला नाही.

स्वेटर, शाली न धुता ट्रंकेत टाकू नका. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाच्या, खरकट्याच्या डागांवर आधी तुटून पडतात.

खळ दिलेल्या सुती साड्या खळ काढूनच ठेवा.

इस्त्रीचा गरम कपडा लगेच आत नको.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या रजईला ठीक, रेशमाला मुळीच नाही.

नवीन संसारातल्या मुली आधी डबे आणि कप्पे विकत आणतात, मग त्यात काय ठेवायचं ते शोधतात. याचा मला फार राग येतो. आधी खण उपसा. तेही एका दिवशी एकच खण, नाहीतर संध्याकाळी पलंगावरचा ढीग जसाच्या तसा परत कोंबला जातो. दोन वर्षं अंगाला न लागलेलं बोहारणीला द्या. मऊ झालेल्या सुती साड्या मात्र देऊ नका, त्यांची गोधडी शिवा.

मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी, उन्हाला धग आहे तोवर हे सगळं उरका, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. तरीही बुरशी आलीच तर कपडा खोलीत झटकू नका, ती बाकीच्या कपड्यांवर बसते. अंगणात नेऊन कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुती असेल तर धुऊन कडक उन्हात वाळवा, रेशीम असेल तर पाणी न लावता ड्रायक्लीनिंगला द्या.