नवा पिकअप मागवताना: कॅब, हौदा आणि कारखान्यातच ठरणाऱ्या गोष्टी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरी किंवा एडमंटनमध्ये एकदोन हिवाळे काढले, नोकरी स्थिरावली आणि मुले शाळेत रुळली की बऱ्याच मराठी घरांत पिकअप घेण्याचा विषय निघतो. आपल्याकडे पिकअप म्हणजे बाजार समितीच्या आवारात भाजीचे क्रेट उतरवणारी, पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी. अल्बर्टात मात्र हीच गाडी मुलांना शाळेत सोडते, ऑफिसच्या तळघरात दिवसभर उभी राहते आणि सुट्टी लागली की ट्रेलर ओढत बॅन्फच्या डोंगरांकडे निघते. एकाच वाहनाकडून घरची आणि कष्टाची अशी दोन्ही कामे घ्यायची असल्यामुळे ते मागवताना भरायचा तक्ता इतका लांबलचक असतो की पहिल्यांदा पाहणारा माणूस गोंधळून जातो आणि विक्रेता सुचवेल त्यावर होकार भरतो. माझे सांगणे एवढेच आहे की जे फक्त कारखान्यातच बसवता येते ते आधी नीट ठरवावे आणि पैसाही तिथेच घालावा. बाकीच्या गोष्टी गाडी दारात आल्यावर सवडीने करता येतात.

या लेखात मी अर्ध्या टनाच्या म्हटल्या जाणाऱ्या वर्गाबद्दल, म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टंड्रा यांच्याबद्दल बोलतो आहे. हे 'अर्धा टन' नाव जुन्या काळचे आहे. आजच्या गाडीच्या वहनक्षमतेशी त्याचा संबंध उरलेला नाही. 2500 आणि 3500 क्रमांकांच्या जड गाड्या बांधकामाच्या किंवा शेतीच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी ठीक आहेत; घरच्या वापरासाठी त्या घेऊ नयेत.

कॅबचे, म्हणजे माणसे बसण्याच्या बंद भागाचे, साधारण तीन प्रकार मिळतात: एकाच रांगेची, मागे आखूड जागा असलेली आणि मागे पूर्ण रांग असलेली. कंपन्यांनी नावे वेगवेगळी ठेवली असल्यामुळे नावावरून अंदाज बांधू नये. टोयोटाची डबल कॅब ही आखूड असते आणि तिची मोठी कॅब क्रूमॅक्स या नावाने विकली जाते. फोर्डची आखूड ती सुपरकॅब आणि मोठी ती सुपरक्रू. एफ-१५०मध्ये मागच्या प्रवाशाला पाय ठेवायला सुपरकॅबमध्ये 33.5 इंच आणि सुपरक्रूमध्ये 43.6 इंच जागा मिळते. शिवाय सुपरकॅबचे मागचे दार उलट्या बाजूने उघडते आणि पुढचे दार आधी उघडल्याखेरीज ते उघडतच नाही. दाटीच्या पार्किंगमध्ये, उणे वीस अंशांत, हातात झोपलेले मूल घेऊन हा खटाटोप करून पाहावा, म्हणजे त्या दहा इंचांचे मोल कळते.

लहान मूल असलेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अल्बर्टात सहा वर्षांखालील आणि 18 किलोपर्यंत वजनाच्या मुलाला बालआसनात बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, आणि तान्ह्या मुलाचे मागे तोंड असलेले आसन आखूड कॅबमध्ये बसवायचे तर पुढची खुर्ची इतकी पुढे सरकवावी लागते की उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात. पिकअपच्या मागच्या आसनामागे लगेच कॅबची भिंत असल्यामुळे बालआसनाचा वरचा पट्टा अडकवण्याची पद्धतही मोटारीपेक्षा निराळी असते. अनेक मॉडेलांत तो कापडी फासातून ओवून शेजारच्या आसनामागच्या जागी अडकवावा लागतो. एकापेक्षा जास्त बालआसने बसवायची असतील तर ती बरोबर घेऊन शोरूममध्ये जावे आणि तिथेच बसवून पाहावीत. विक्रेत्याला त्याचे काही वाटत नाही, आणि वाटले तरी हरकत नाही.

सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांसाठीच्या दीर्घ मुक्कामाच्या व्हिसावर, आईवडील येणार असतील तर चढण्याच्या उंचीचाही विचार करावा. चारही चाके चालवणाऱ्या गाडीत साडी नेसलेल्या आजीला चढवणे हे सोपे काम नाही. पायफळी आणि दाराजवळची मूठ दोन्ही हवीत. मात्र साधी पायफळी बाहेरच्या दुकानातून पुढे कधीही बसवता येते, त्यासाठी महागडे पॅकेज घेण्याची गरज नाही.

कॅबबरोबरच हौद्याची, म्हणजे मागच्या उघड्या सामानाच्या भागाची, लांबी ठरते, आणि इथे गॅरेजची टेप हातात घेतल्याशिवाय निर्णय करू नये. एफ-१५०च्या सध्याच्या पिढीत सुपरक्रू आणि साडेपाच फुटी हौदा यांची जोडी सुमारे 19.3 फूट लांब भरते. तीच कॅब साडेसहा फुटी हौद्यासह घेतली तर लांबी 20.3 फुटांवर जाते. इथल्या बऱ्याच घरांची गॅरेजे आतून वीस फुटांच्या आसपास खोल असतात, त्यातच फावडी, सायकली आणि भारतातून आलेल्या बॅगा ठेवलेल्या असतात. गाडी गॅरेजात मावणे ही कॅलगरीत चैन समजू नये. 13 जून 2020च्या आणि 5 ऑगस्ट 2024च्या गारपिटीने शहराच्या ईशान्य भागातील घरांची आणि वाहनांची जी दशा केली ती जुन्या रहिवाशांना विचारावी. एफ-१५०चा सांगाडा वगळता वरचे पत्रे अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांवरचे पोचे काढायला वेगळी हत्यारे व वेगळा कारागीर लागतो, ही बाबही ध्यानात ठेवावी. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी तळघराच्या तोंडावर लिहिलेली उंची पाहावी. ही गाडी साडेसहा फुटांच्या आसपास उंच असते आणि जुन्या तळघरांची मोकळी उंची पुष्कळदा तेवढीच असते.

आखूड हौद्याने फार अडते असे मला वाटत नाही. चार बाय आठ फुटांचा प्लायवुडचा तक्ता दोन्ही चाकांच्या उंचवट्यांमध्ये सपाट बसतो, आणि फाळका खाली पाडला की साडेपाच फुटी हौद्यातही जेमतेम अर्धा फूट बाहेर राहतो. सुतारकाम हा ज्यांचा व्यवसायच आहे आणि मागच्या आसनावर रोज माणसे बसवायची नाहीत, त्यांनी सुपरकॅब व साडेसहा फुटी हौदा घ्यावा. त्या गाडीची लांबी सुपरक्रू व साडेपाच फुटी हौद्याइतकीच होते, कॅबमधला एक फूट तेवढा हौद्याकडे जातो.

आता ज्या आकड्याकडे नवखा ग्राहक बहुधा पाहतच नाही त्याविषयी. जाहिरातीत ओढण्याची क्षमता मोठ्या अक्षरांत असते, पण तुमच्या नेमक्या गाडीने किती वजन वाहावे हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लेबलवर लिहिलेले असते, आणि त्यात चालकासह सर्व माणसे, हौद्यातले सामान आणि ट्रेलरच्या टोकाचा हुकावर येणारा भार एवढे सगळे धरायचे असते. समजा लेबलवर 680 किलो लिहिले आहे. सरासरी 75 किलोची पाच माणसे बसली की 375 किलो संपले, उरले 305. आता 2,300 किलोचा ट्रेलर जोडला तर त्याचा 10 ते 15 टक्के भार, म्हणजे 230 ते 345 किलो, हुकावर येतो. हौद्यात पाण्याचा कॅन आणि शेगडी ठेवायच्या आधीच मर्यादा गाठली किंवा ओलांडली जाऊ शकते, जरी जाहिरातीप्रमाणे हीच गाडी याच्या दुप्पट वजनाचा ट्रेलर ओढू शकत असली तरी. मोठी कॅब, चारचाकी चालना, काचेचे छत, विजेवर हलणाऱ्या खुर्च्या हे प्रत्येक जण आपले वजन त्या आकड्यातून वजा करतात, त्यामुळे सर्वांत महाग श्रेणीची गाडी पुष्कळदा सर्वांत कमी वजन वाहते. म्हणून ट्रेलरचा विचार असेल तर श्रेणी एक पायरी खाली ठेवावी आणि वाचलेला पैसा ओढण्याच्या पॅकेजवर खर्च करावा.

त्या पॅकेजमध्ये काय येते ते कंपनीगणिक बदलते, म्हणून यादी वाचावी. हूक नंतरही बसवता येतो. परंतु मागच्या आसाचे (अॅक्सलचे) गुणोत्तर, गिअरबॉक्स थंड ठेवण्याची सोय आणि डॅशबोर्डमध्येच बसवलेला ट्रेलरच्या ब्रेकचा नियंत्रक हे कारखान्यातून आलेलेच चांगले. गुणोत्तराचा आकडा जितका मोठा तितका ओढायला जोर जास्त आणि पेट्रोलही थोडे जास्त, 3.55 किंवा 3.73 पाहिजे असेल तर ते मागणीपत्रात लिहूनच द्यावे लागते.

चाकांच्या बाबतीत माझा सल्ला बहुतेकांना आवडत नाही. वीस किंवा बावीस इंची चाके दिसायला देखणी असतात, पण अल्बर्टात हिवाळी टायर सक्तीचे नसले तरी समजदार माणूस दुसरा संच घेतोच, आणि चाक जेवढे मोठे तेवढा तो संच महाग. सात अंशांखाली साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते. शेजारच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील डोंगरी रस्त्यांवर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी वापराची खूण असलेले टायर लागतातच, त्यामुळे सतरा किंवा अठरा इंची चाकांवर समाधान मानावे. थंडीत उभ्या गाडीचे इंजिन विजेवर गरम ठेवणारा ब्लॉक हीटर अनेक गाड्यांवर मूळचाच असतो. नसेल तर तो जरूर मागवावा. तापलेल्या खुर्च्या आणि दुरून इंजिन सुरू करण्याची सोय घ्यावी. हौद्याला आतून रबरी लेप, हौद्यावरचे झाकण, चिखलपट्ट्या, जाडसर पायपुसणी या साऱ्या गोष्टी बाहेर मिळतात.

मागणी नोंदवताना विक्रेत्याकडून प्रत्येक पर्यायाच्या सांकेतिक क्रमांकासह छापील प्रत घ्यावी, गाडी येईपर्यंत किंमत वाढली तर ती कोण सोसणार आणि इसारा परत मिळेल की नाही हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. या प्रांतात जाहिरातीतली किंमत सर्व शुल्कांसह सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, वर फक्त 5 टक्के जीएसटी लागतो. तरीही शेवटच्या टेबलावर गंजरोधक यंत्र, चोरी रोखण्यासाठी काचेवर कोरलेला क्रमांक, टायरमधला नायट्रोजन अशा गोष्टी पुढे येतात. त्यांना नम्रपणे नकार द्यावा. करारावर सही झाल्यावर विचार बदलण्यासाठी कायद्याने वेगळी मुदत मिळत नाही, म्हणून विम्याचा दरही सहीच्या आधीच, नेमकी श्रेणी सांगून, विचारून ठेवावा. नवागताच्या बाबतीत तो हप्त्याइतकाच बोचू शकतो.

गाडी आल्याचा फोन आला की काचेवरचा तक्ता मागणीपत्राशी ओळ ओळ ताडून पाहावा, मागच्या आसाचे गुणोत्तर तपासावे आणि दार उघडून वजनाचे लेबल वाचावे. काही जुळत नसेल तर पैसे चुकते करण्याआधी आणि जुनी गाडी विक्रेत्याच्या हवाली करण्याआधी बोलावे, कारण त्यानंतर ऐकून घेण्याची कोणाला घाई नसते.