ब्रूस डिकिन्सनचं आत्मचरित्र कसं वाचायचं (एका मेडनवेड्याचा सल्ला)

पुस्तक हातात आलं की आधी शेवटून उघडा. मस्करी नाही करत. ब्रूस म्हणजे आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा गायक, त्याचं 'व्हॉट डज धिस बटन डू?' २०१७ ला आलं आणि त्याच्या अगदी शेवटी ब्रूसने एक छोटं टिपण टाकलंय, त्यात तो सरळ सांगतो की लिहायला बसलो तेव्हाच ठरवलं होतं, जन्म, लग्नं, घटस्फोट यातलं काही येणार नाही, माझं नाही आणि दुसऱ्या कोणाचंही नाही. हे आधी वाचून घेतलं की निम्मी चिडचिड तिथेच संपते. कारण माझ्या ओळखीत ज्यांना हे पुस्तक आवडलं नाही त्यांची रड हीच असते, बायका-पोरं कुठेयत, भांडणं कुठेयत, रात्र रात्र चाललेल्या पार्ट्या कुठेयत. ऑझी ऑस्बोर्न या दुसऱ्या मेटल गायकाचं आत्मचरित्र वाचून इकडे आलेली मंडळी तर हमखास नाराज होतात, तिकडे दारू नि ड्रग्जचे किस्से पानोपानी आणि इकडे हा बाबा टूरवर पण तलवारबाजीची प्रॅक्टिस करतोय.

तर पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा की हे आयर्न मेडनचं चरित्र नाहीये. ज्याला दिसेल ते बटण दाबून बघायचंच असतं अशा एका माणसाची ही गोष्ट आहे आणि बँड हे त्यातलं एक बटण, सगळ्यात मोठं असेल, पण एकच. फॅनला हे पचायला जड जातं. आपण शाळेच्या बाकावर एडी (मेडनच्या कव्हरवरचं ते भूत) कोरलेला असतो आणि हा माणूस सांगतो की मला विमान उडवायला पण तेवढीच मजा येते. पण मला विचाराल तर पुस्तकातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट हीच आहे, आणि वाचताना हेच धरून ठेवायचं.

छापील की ऑडिओ? दोन्ही परवडत असेल तर ऑडिओ आधी, कारण वाचलंय स्वतः ब्रूसने, आणि हा माणूस नुसतं वाचत नाही, नाटक करतो. छापील वाचताना इंग्रजी थोडं त्रास देतं, ब्रिटिश बोर्डिंग स्कूलचा स्लँग, मध्येच विमानाचे टेक्निकल शब्द, पण प्रत्येक शब्दाला डिक्शनरी उघडत बसलात तर तिसऱ्या प्रकरणात पुस्तक कपाटात जाईल. अडलं की पुढे सरका, प्रकरणं छोटी छोटी आहेत.

बालपणाची पानं बरेच जण उडवतात, ती उडवू नका. १९५८ चा जन्म, वर्कसॉप नावाचं नॉटिंगहॅमशायरमधलं गाव, कोळशाच्या खाणींचा पट्टा, आजोबा खाणीत कामाला आणि पोरगा सुरुवातीची वर्षं आजी-आजोबांकडेच वाढलेला. मग शेफील्ड, मग औंडलचं बोर्डिंग स्कूल, तिथे मोठ्या पोरांनी यथेच्छ छळलं आणि शेवटी शाळेनेच हाकललं कारण हेडमास्तरांच्या जेवणाच्या बीन्समध्ये यांनी आणि एका मित्राने लघवी केली. हा किस्सा सगळे हसत हसत सांगतात, तोही हसतच सांगतो, पण बघा, मार खाल्लेला असो नाहीतर अपमान झालेला असो, हा माणूस लगेच जोक मारतो. पुढे पुस्तकभर हीच सवय दिसते, काही ठिकाणी तर वैताग येतो राव, अरे जरा थांब की, काय वाटलं ते सांग की.

आता मुख्य काम, वाचताना सोबत गाणी लावायची. नुसतं वाचलंत तर पुस्तक अर्धंच कळेल. सॅमसन या त्याच्या मेडनआधीच्या बँडच्या प्रकरणांना 'हेड ऑन' (१९८०) आणि 'शॉक टॅक्टिक्स' (१९८१), तिथे हा 'ब्रूस ब्रूस' नावाने गायचा. ते झालं की मेडनचे दोन अल्बम पाठोपाठ लावा, आधी 'किलर्स', ब्रूसआधीचा गायक पॉल डि'अॅनोच्या आवाजातला, आणि मग 'द नंबर ऑफ द बीस्ट', १९८२ चा, ब्रूसचा पहिला. डि'अॅनोचा आवाज रस्त्यावरचा, खरबरीत, आणि मस्त पण आहे, मला तो कधीच कमी वाटला नाही. पण बँडचा बॅसिस्ट स्टीव्ह हॅरिस जी लांबलचक गोष्टीवेल्हाळ गाणी लिहायला लागला होता त्याला हा दुसरा आवाज का लागला ते दोन्ही अल्बम एका दमात ऐकल्यावर कोणाला सांगावं लागत नाही.

टायटल ट्रॅक मात्र हेडफोन लावून ऐका. सुरुवातीचं बोलणं संपतं, गिटार एकटीच चालू होते आणि ब्रूस अगदी दबक्या आवाजात, जवळजवळ कानात, पहिल्या ओळी म्हणतो. प्रोड्यूसर मार्टिन बर्चने त्या ओळी त्याच्याकडून तासन्‌तास परत परत गाऊन घेतल्या, परत, परत, परत, हा वैतागून खुर्च्या फेकायच्या लेव्हलला गेला. आणि मग त्या ओळींच्या शेवटी जी लांब किंकाळी येते ना, ती त्या सगळ्या वैतागाची आहे. हे कळल्यावर परत ऐका, पूर्वीसारखं ऐकूच येत नाही.

अजून एक, अल्बमचं कव्हर उलटून क्रेडिट्स बघायची सवय लावून घ्या (आजकाल कव्हर कुठलं म्हणा, नेटवर बघा). 'बीस्ट'वर गीतकार म्हणून ब्रूसचं नाव नाही कारण सॅमसनच्या काळातला करार आडवा आला. पण १९८६ च्या 'समव्हेअर इन टाइम'वर पण त्याचं एकही गाणं नाही, आणि तिथे करार-बिरार काही नव्हता. ऑगस्ट १९८४ ला पोलंडमधून सुरू झालेली वर्ल्ड स्लेव्हरी टूर जुलै १९८५ पर्यंत चालली, तो पार पिळून निघाला, त्याला काहीतरी वेगळं, अकूस्टिक करायचं होतं आणि बाकीच्यांनी ते घेतलं नाही. १९९३ ला बँड सोडला त्याची सुरुवात इथेच झाली असं माझं मत आहे.

आणि १९९३ वर आलो की माझी खरी तक्रार. जन्म-लग्न-घटस्फोट नाही हा नियम ठीक आहे, पण अरे, बँड सोडणं हा घटस्फोटच होता की! तिथे तो जरा जास्तच पटकन हात झटकतो. स्टीव्ह हॅरिस, ज्याने हा बँड काढला, जो याच्या आयुष्यात एवढी वर्षं आहे, तो पुस्तकात सावलीसारखा येतो-जातो. एकमेकांशी अजून काम करायचंय म्हणून जपून लिहिलं असेल, समजू शकतो, पण वाचक म्हणून रिकामं वाटतं. मग ही जागा आपणच भरायची आणि त्याला उपाय परत गाणीच. आधी ब्रूसचं सोलो गाणं 'टिअर्स ऑफ द ड्रॅगन' (१९९४) ऐका, बँड सोडताना मनात काय चाललं होतं ते पुस्तकापेक्षा त्या गाण्यात जास्त आहे. मग ब्रूसच्या जागी आलेल्या ब्लेझ बेलीवाला मेडनचा 'द एक्स फॅक्टर' (१९९५), लोक उगाच शिव्या घालतात त्याला, 'साइन ऑफ द क्रॉस' ऐकून मग बोला. आणि मग ब्रूसचा सोलो 'द केमिकल वेडिंग' (१९९८). एवढं ऐकलं की १९९९ ला ब्रूस मेडनमध्ये परत आला तेव्हा दोघांनाही एकमेकांची गरज का होती ते आपोआप समजतं.

बोस्नियातल्या सारायेव्होचं प्रकरण एका बैठकीत वाचा, मध्ये फोन बघू नका. डिसेंबर १९९४, शहराला वेढा पडलेला, बॉम्ब पडतायत, आणि हा सोलो बँड घेऊन तिथे शो करायला निघालाय. युएनच्या हेलिकॉप्टरचं फिसकटलं तर 'द सीरियस रोड ट्रिप' नावाच्या मदत पोचवणाऱ्या पोरांच्या ट्रकमध्ये बसून रात्री इग्मन डोंगरावरून शहरात शिरले. इथे जोक कमी होतात, वाक्यं आखूड होतात. माझ्या मते पुस्तकातला पहिल्या नंबरचा भाग हाच असता, जर कॅन्सरची प्रकरणं नसती.

त्याआधी विमानाबद्दल. बहुतेक फॅन ही पानं गाळतात, गाळू नका, फक्त टेक्निकल गोष्टी भरभर वाचा. मुंबईकरांना तर यातलं अर्धं डोळ्यासमोर आहे. १ फेब्रुवारी २००८, बीकेसी, 'समव्हेअर बॅक इन टाइम' टूरचा पहिलाच शो आपल्याकडे, बँड बोइंग ७५७ 'एड फोर्स वन'मधून आला आणि पायलट कोण तर गायकच. शोची सुरुवात चर्चिलच्या भाषणाने आणि लगेच 'एसेस हाय', दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पायलटांचं गाणं! आपल्या मैदानावरच्या धुळीत उभं राहून ते ऐकलंय त्यांना विमानाची प्रकरणं बोअर कशी होतील मला कळत नाही. (मुंबईच्या त्या रात्रीवर पानंच्या पानं असतील अशी आशा मात्र ठेवू नका.)

विमानं गाळायची नाहीत याचं अजून एक कारण म्हणजे 'एम्पायर ऑफ द क्लाउड्स'. १८ मिनिटांचं गाणं, पियानोवर ब्रूसने रचलेलं, १९३० ला फ्रान्समध्ये कोसळलेल्या आर१०१ या ब्रिटिश हवाई जहाजावर, ५४ पैकी ४८ माणसं गेली त्यात. 'द बुक ऑफ सोल्स' अल्बमचं ते शेवटचं गाणं, आणि अल्बम रेकॉर्ड झाला २०१४ ला, कॅन्सरचं निदान व्हायच्या जरा आधी. म्हणजे घशात गाठ असताना गायलेलं आहे ते. पुस्तकाचा तो भाग सुरू करण्याआधी दिवे घालवून हे गाणं पूर्ण ऐका, मग वाचा.

कॅन्सरची पानं सावकाश. जिभेच्या मुळाशी एक गाठ, मानेतल्या लिम्फ नोडमध्ये दुसरी. आपल्याकडे घशाचा कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न तंबाखूचा येतो, इथे कारण निघालं एचपीव्ही हा व्हायरस, आणि हे तो उघडपणे सांगतो, पुरुष याबद्दल बोलत नाहीत म्हणून मुद्दाम सांगतो, त्यासाठी त्याला मानलं. मग रेडिएशन, केमो, लाळ आटलेली, चव गेलेली, गिळता येत नाही, आणि गायकाचा घसा आहे हा, उद्या आवाज परत येईल की नाही कोणाला माहीत. इथे तो स्वतःच्या शरीराकडे इंजिन बिघडलेल्या विमानाकडे पायलट बघतो तसं बघतो, घाबरून न जाता एकेक गोष्ट तपासत. पुस्तकभर जोकमागे लपणारा माणूस इथे पहिल्यांदा नीट दिसतो. मे २०१५ ला डॉक्टरांनी सगळं साफ सांगितलं आणि २०१६ ला हा पठ्ठ्या बोइंग ७४७ उडवत परत टूरवर.

हे सगळं झाल्यावर भूक राहिलीच तर मेडनचाच गिटारिस्ट एड्रियन स्मिथचं पुस्तक आहे २०२० चं, त्यात मात्र मासेमारी भरपूर आणि मेडन तोंडी लावण्यापुरतं, मला आवडलं, सगळ्यांना आवडेल असं नाही. मुंबईच्या शोची झलक बघायची असेल तर 'फ्लाइट ६६६' ही २००९ ची डॉक्युमेंटरी बघा.

आणि ज्याने 'रन टू द हिल्स' पण ऐकलेलं नाही अशा मित्राला पुस्तक द्यायचं का? बिनधास्त द्या, फक्त पहिल्या पानापासून वाचायला लावू नका. सारायेव्हो आधी, मग कॅन्सर, मग खाणीवाले आजोबा. सॅमसनचा भाग त्याने गाळला तरी चालेल, आपल्याला चालणार नाही.