नागपूरहून जंजिरा, सासूबाईंसह

आम्हा नागपूरकरांचा किल्ला म्हणजे सीताबर्डीचा. वर्षातून मोजके दिवस उघडतो. २६ जानेवारीला रांगेत उभं राहायचं, बघून घरी. आणि पाणी म्हणाल तर फुटाळा. त्यामुळे डिसेंबरात सासूबाईंना घेऊन मुरूड-जंजिऱ्याला निघाले तेव्हा समुद्रातल्या किल्ल्याचं मला ओ की ठो कळत नव्हतं.

संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरा, सकाळी सीएसएमटी. टॅक्सीने गेटवे, तिथून मांडव्याची बोट. पुढे अलिबाग, मग रेवदंडा-काशीद करत एसटी मुरूडला. त्याच दिवशी किल्ला उरकायचा हट्ट नको. मुक्काम करा नि सकाळी राजपुरीचा धक्का गाठा. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

शिडाच्या होडीत बसलात की नजर तटावर ठेवा. दार दिसतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "काव, याले दारच नाही?" पार जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या बेचक्यात ते उघडं पडतं.

आता मुख्य काम, उतरणं. होडी पायरीला लागते, पण ठरत नाही. लाटेवर ती पायरीच्या बरोबरीला येते आणि लगेच हातभर खाली बसते. पायरीवर शेवाळ. नाखवा "या" म्हणेपर्यंत उठू नका, आणि त्याचा पंजा नाही, मनगट धरा. ओला पंजा सटकतो. पट्ट्याचे सँडल हवेत. मी चांगली कोल्हापुरी घालून गेले. त्यातली एक अजून तिथेच असेल. सासूबाई मात्र नऊवारीचा काष्टा खोचून सरळ चढल्या.

शिवाजी महाराजांच्या काळात हा किल्ला सिद्दीच्या, म्हणजे इथल्या हबशी सत्ताधीशाच्या ताब्यात होता. तो घ्यायला महाराजांच्या बाजूने लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री या तटाला शिड्या लावल्या होत्या; मागून यायची माणसं वेळेत आली नाहीत. भरदिवसा एक पायरी चढताना माझी ही गत, त्याने ते अंधारात कसं केलं असेल!

नाखवा साधारण तासभर देतो, म्हणून काय बघायचं ते आधीच ठरवा. दारातलं शिल्प चुकवू नका: वाघासारखा प्राणी, पंजांत हत्ती दाबलेले. मग कलालबांगडी तोफ. भर उन्हातही ती तापत नाही, असं गाइड छातीठोक सांगतो. मी अकरा वाजता तळवा टेकवला नि झटक्यात उचलला. महाल-वाड्यांच्या पडक्या भिंतींवर वेळ घालवू नका. त्यापेक्षा गोड्या पाण्याचा तलाव बघा. चहूकडे खारं पाणी असताना वेढा सोसायचा तर तोफेइतकीच याची गरज.

शेवटची दहा मिनिटं राजपुरीकडच्या तटावर काढा. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी त्या किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकायला घेतला होता. मोगल फौज कोकणात उतरली आणि ते काम राहिलं. मधलं पाणी डोळ्यांनी मोजून बघा. वायव्येला पद्मदुर्ग दिसतो, सिद्दीला चाप लावायला शिवाजी महाराजांनी बांधलेला.

माणशी एक पाण्याची बाटली घ्याच. आपलं ऊन कोरडं, इथलं अंगाला चिकटतं. जेवणाचं निघण्याआधी मुरूडच्या खानावळीत सांगून ठेवा. सावजीची सवय असेल तर मिरचीचा ठेचा मागून घ्या. आमच्या सासूबाईंनी तो नागपूरहूनच डब्यात आणला होता.