चोरी झाली, पण रकान्यात नाही आली

समाजशास्त्राच्या लघुप्रबंधाला ‘गुन्हेगारी का घटली’ हा विषय धरणारी पोरं दरवर्षी भेटतात. विषय चांगला आहे. फक्त कारणांकडं वळण्याआधी आकडा कुठून आला ते बघा.

माझं काम बीड-परभणीकडच्या गावांतल्या चोऱ्यांवर होतं. विहिरीवरची मोटार, स्टार्टर, केबल हे इथलं नेहमीचं दुखणं. मोटार गेली तर शेतकरी कधीमधी ठाण्यात जातो, केबलसाठी जवळपास नाहीच; तालुक्याला खेपा घालून रोज बुडवायचा कुणी? आठवडी बाजारात मारलेला मोबाईल तर बऱ्याचदा ‘गहाळ’ म्हणून लिहिला जातो. म्हणून नुसत्या रजिस्टरवर विसंबू नका, घरोघर विचारायची प्रश्नावली सोबत ठेवा. गाईड सरांनी मला हे पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

खून असा सहसा दडत नाही. त्यामुळं जुन्या-नव्या काळाची तुलना खुनापासून सुरू करावी. देशात 1990च्या दशकाच्या सुरुवातीला लाखामागे चारच्या वर खून होत. देशभरचे गुन्ह्यांचे आकडे गोळा करणाऱ्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) 2022च्या अहवालात एकूण 28,522 खून आहेत, दर 2.1. ही घट खरी मानायला हरकत नाही. एकूण गुन्ह्यांचं तसं नाही. 2020 मध्ये तो आकडा 28 टक्क्यांनी वाढून 66 लाखांवर गेला, तो मुख्यतः लॉकडाऊन मोडल्याच्या कलम 188 मुळं. पुढच्या वर्षी ते गुन्हे कमी झाले आणि आकडा उतरला. यात सुधारलं कोण? शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी एनसीआरबी सर्वांत गंभीर तेवढाच गुन्हा मोजते.

कारणांची चर्चा वाचायला घेतली की 1991 नंतर गुन्हे घटत गेलेली अमेरिका येतेच. पोलीस वाढले, तुरुंग भरले, क्रॅक कोकेन या नशेची लाट ओसरली, पोरांच्या मेंदूला बाधणारं पेट्रोलमधलं शिसं गेलं, असे बरेच दावे आहेत. पण कॅनडातही त्याच काळात गुन्हे घटले, आणि तिथं तुरुंग असे भरले नव्हते. मला सगळ्यात पटलं ते इमोबिलायझरचं, म्हणजे खऱ्या किल्लीशिवाय गाडीचं इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्राचं: चोराचं मन तेच, गाडीच चालू होईना. आपल्याकडं मात्र सभेत मागणी कडक शिक्षेचीच होते. 2022 अखेर देशाच्या तुरुंगांत शंभरातले जवळपास शहात्तर कच्चे कैदी होते. अजून कुणाला कोंबणार? विहिरीवरच्या मोटारीवर ठळक नंबर कोरून भंगारवाल्याला खरेदीची नोंद सक्तीची केली तर काय होतं, हे एखाद्या गावात तपासून बघण्यासारखं आहे.

ठाण्यातून माहिती घ्यायला कॉलेजचं पत्र आणि एसपी ऑफिसची परवानगी आधीच काढा, त्यात वेळ जातो. आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळं कलमं बदललीत. चोरीचं 379 गेलं, 303 आलं. हिसकावून नेण्याला 304 हे वेगळं कलम झालं. तक्त्यात त्यानंतर चोरी एकदम उतरलेली दिसली, तर आधी 304चा रकाना उघडा.