घरच्या घरी मंजनीक : सगळी मेख एका खिळ्यात

तोफा येण्याआधी किल्ल्याची तटबंदी फोडायला मंजनीक, म्हणजे दगड फेकणारे यंत्र, लागे. त्याच्या दांड्याच्या आखूड टोकाला जबर वजन, लांब टोकाला गोफण. वजन कोसळले की दांडा उसळतो, गोफण गरकन फिरते आणि दगड सुटतो. १३०४ साली स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग किल्ल्यापुढे इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने ‘वॉरवुल्फ’ नावाचे अजस्र मंजनीक उभारले. आतले लोक शरण यायला तयार झाले, तरी राजाने आधी यंत्र चालवून पाहिले आणि मगच शरणागती घेतली. एवढे सुतारकाम वाया कोण घालवेल!

आपण करू ते अंगणातले.

१. सांगाडा : ७० सेंमी लांबीच्या फळीवर १५ सेंमी अंतराने दोन खांब ठोका. आस बसेल ती भोके फळीपासून ३० सेंमी उंचीवर पाडा. खांबांना तिरके टेकू द्याच, नाहीतर पहिल्याच फेकीला सगळे डुगडुगते.

२. दांडा : ५० सेंमीची सागवानी पट्टी. एका टोकापासून १० सेंमीवर भोक पाडून त्यातून लोखंडी सळई घाला. म्हणजे एक बाजू १०, दुसरी ४०.

३. वजन : आखूड टोकाला दोन किलो वाळूची पिशवी टांगा. ती फळीला टेकता कामा नये. फेकायला साधारण २० ग्रॅमची मातीची गोळी घ्या. भार गोळीच्या शंभरपट असला की काम छान होते.

४. गोफण : कापडाच्या तुकड्याला दोन्हीकडे ३० सेंमीच्या दोऱ्या. एक दोरी दांड्याच्या लांब टोकाला पक्की बांधा. दुसरीला कडी लावा. त्याच टोकात डोके कापलेला खिळा दांड्याच्या रेषेत ठोका आणि कडी त्यावर नुसती अडकवा.

५. चाप : फळीवर एक कडी बसवा आणि दांड्याच्या लांब टोकाला फास असलेली वेगळी दोरी बांधा. ते टोक खाली ओढा, फास फळीवरच्या कडीतून काढा आणि फासात खीळ घाला. खिळीला लांब दोरी बांधा. गोफण खांबांच्या मधून फळीवर सरळ पसरा.

आता पुढे-मागे २५ मीटर मोकळी जागा पाहा, बाजूला उभे राहा आणि दोरी ओढा. मागे कोणी नको, कारण गोळी पहिल्यांदा हमखास उलटी किंवा सरळ आभाळात जाते. तसे झाले तर कडी लवकर सुटते आहे. पकडीने खिळा थोडा पुढे वाकवा. गोळी समोरच जमिनीत आपटली तर उशिरा सुटते आहे, खिळा सरळ करा. वाकवायचे ते केसभरच. माझ्या मते बाकीचे सुतारकाम कोणालाही जमेल, कसब आहे ते इथे.

पल्ला जमला की गोळीचे वजन बदलू नका. खऱ्या वेढ्यातही दगड घडवून सारख्या वजनाचे करत, म्हणजे तटाच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा मारा बसे. १२७३ मध्ये मंगोल सम्राट कुबलाई खानाने इराणकडचे कारागीर आणून चीनमधल्या फानचंग आणि श्यांगयांग या जोडशहरांवर अशीच यंत्रे लावली, आणि वर्षानुवर्षे दाद न देणारा वेढा संपला. पण हे हत्यार फक्त बाहेरच्यांकडेच नसे. १३०१ च्या रणथंभोरच्या वेढ्यात अलाउद्दीन खिलजीचा सरदार नुसरत खान किल्ल्यातून आलेल्या दगडानेच मारला गेला.