बॉयलरचा काटा एकच्या खाली गेला की

‘उद्या कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ ही सूचना सांगलीत ऐकत वाढलेय मी. त्यामुळे इंग्लंडमधल्या रेडिंगच्या घरात बॉयलरवर ‘लो वॉटर प्रेशर’ झळकलं तेव्हा आधी नळ सोडून बघितला. पाणी धो धो. खोल्या तापवणारे रेडिएटर मात्र थंडगार, बाहेर उणे तीन, नवरा कामासाठी परगावी, आणि सासूबाई दोन स्वेटर चढवून ओट्यापाशी उभ्या.

नळाच्या दाबाचा इथे संबंधच नसतो. कॉम्बी बॉयलर (घर आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणारं एकच यंत्र) आणि रेडिएटरमधलं पाणी बंदिस्त. तेच ते घरभर फिरतं. त्यातलं थोडं जरी गेलं तरी दाब दाखवणारा काटा उतरतो. बॉयलर गार असताना काटा १ ते १.५ बारच्या (बार हे दाबाचं एकक) दरम्यान हवा. तापल्यावर थोडा चढतो, चढू दे. अर्ध्या बारच्या आसपास आला की बहुतेक बॉयलर आपणहून बंद पडतात. काट्याऐवजी पडदा असेल तर कोड दिसतो: व्हॅलंट कंपनीच्या बॉयलरवर एफ २२, आयडियल कंपनीच्या लॉजिक बॉयलरवर एफ १.

पाणी भरायचं असं. बॉयलर बंद करा, निवू द्या. मग खाली वाकून बघा: बेसिनखाली असते तसली जाळीदार चंदेरी नळी आणि तिच्या दोन टोकांना दोन कॉक. हा फिलिंग लूप. (काहींत नळी दिसत नाही, दांडी किंवा चावी असते, तिथे त्या मॉडेलचं माहितीपुस्तकच बघावं लागतं.) कॉकची दांडी पाइपला आडवी असेल तर बंद, पाइपच्या रेषेत असेल तर उघडलेला. एक कॉक पूर्ण उघडा, दुसरा अगदी हळू. सूं सूं आवाज येईल. डोळे काट्यावर. १.३ च्या आसपास आला की दोन्ही बंद. नळी सुटी होत असेल तर काढून टोकांना टोपणं लावा. इथला नियमही तोच आहे. मग रीसेटचं बटण.

डोळे काट्यावर म्हणाले, कारण मी ते केलं नाही. दूध उतू जाईल म्हणून गॅसकडे वळले, परत बघते तर काटा २.८! ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि तांब्याच्या पाइपातून पाणी घराबाहेर फेकतो. तिथवर जाऊ द्यायचं नसेल तर रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू त्याच्या किल्लीने किंचित ढिला करून पाणी सोडायचं. खाली पातेलं धराच, आणि जुना टॉवेलही. आतलं पाणी काजळीसारखं काळं असतं आणि गालिचा घरमालकाचा.

पाच मिनिटांचं काम. पण आठवड्यात काटा पुन्हा खाली, आणि खरी भानगड ही. वर्षातून एकदोनदा भरावं लागलं तर हरकत नाही. दर आठवड्याला भरणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं. शिवाय ताज्या पाण्यातून ऑक्सिजन आत जातो, गंजरोधक औषध पातळ होतं आणि रेडिएटर आतून गंजतात.

नुकतीच रेडिएटरमधली हवा काढली असेल, तर दाब त्यानेच उतरलाय. एकदा भरा, विसरा. नाहीतर बाहेरच्या त्या तांब्याच्या पाइपाखाली ओल आहे का बघा. तापल्यावर काटा ३ कडे धावतो आणि निवल्यावर शून्याकडे, असं होत असेल तर बहुधा एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगलेलं पाणी सामावून घेणाऱ्या टाकीतली) हवा गेली आहे. ते आपलं काम नाही. बॉयलरचं झाकण उघडायचंच नाही; गॅस सेफचं (गॅसचं काम करणाऱ्यांच्या अधिकृत नोंदणीचं) कार्ड असलेला माणूस बोलवा आणि कार्ड मागून बघा, संकोच नको. भाड्याचं घर असेल तर १९८५ च्या कायद्याने इंग्लंडात हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे. काट्याचा फोटो काढून ईमेल करा, फोनवर सांगून भागवू नका.

आमची गळती सासूबाईंनी शोधली. रात्री प्रत्येक रेडिएटरच्या बुडाशी, व्हॉल्व्हभोवती टिश्यू पेपर गुंडाळून ठेवले होते. सकाळी त्यांच्याच खोलीतून हाक आली, “अगं, हा कागद ओला लागतोय.” पलंगामागचा व्हॉल्व्ह. घरमालकाच्या प्लंबरने पान्याने नट आवळला, चहा घेतला आणि गेला. त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी, हीटिंग लागायच्या आत, काटा बघत होते. १.३.