कारवानचं पिल्लू घ्यायचंय? आधी त्याची आई बघा

कारवान ही आपल्याकडची बारीक अंगाची शिकारी कुत्र्याची जात. ती घ्यायला पुण्या-मुंबईहून मला फोन येतात. "ताई, कारवान पाहिजे, केवढ्याला पडेल?" मी म्हणते, किमतीचं नंतर बघू. लातूर-सोलापूरकडे एक चक्कर मारून पिल्लाची आई बघायची तयारी आहे का, ते आधी सांगा.

आमच्या घरात कारवान माझ्या आजोबांपासून आहेत. गुळगुळीत अंगाचा तो कारवान, कानांवर-शेपटीवर लांब केस असले की पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकात याच कुळाला मुधोळ म्हणतात. 2016 मध्ये मुधोळची पिल्लं लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली, 2020 मध्ये 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव आलं, आणि शहरातून विचारणा सुरू झाली. तेव्हापासून व्हॉट्सॲपवर फोटो टाकून, टोकन मागून, पिल्लू ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवणारेही वाढलेत. त्यांच्याकडून घेऊ नका. पिल्लू कितीही गोड दिसलं तरी घेऊ नका.

आई बघायला मी का सांगते? शर्यतीच्या नादात कित्येक ठिकाणी ग्रेहाउंडचा, म्हणजे शर्यतीच्या विलायती कुत्र्याचा नर लावतात आणि पिल्लं कारवान म्हणून विकतात. दोन महिन्यांच्या पिल्लात हा फरक भल्याभल्यांना ओळखू येत नाही. आईबापात येतो. कारवानचे कान डोक्याला लागून खाली लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात आणि मांड्या फार भरीव असतात. नर दुसऱ्या गावचा असेल तर त्या मालकाचा नंबर घ्या, व्हिडिओ कॉल करा.

आईची तब्येतही बघा. पाजणारी कारवान रोडच दिसणार, बरगड्या दिसल्या म्हणून दचकू नका. पण अंगावर गोचिड्या, डोळ्यांत चिपाडं, माणूस जवळ गेला की कोपऱ्यात दबून बसणं, हे असेल तर परत फिरा. कारवान परक्याला लगेच हात लावू देत नाही, तो त्याचा स्वभावच आहे. मालकाच्या हाताला मात्र ती घाबरता कामा नये.

चाकूर तालुक्यातल्या एका वस्तीवरचे काका मला फार आवडतात. त्यांच्याकडे शाळेची दोनशेपानी वही आहे. डाव्या पानावर मादी कधी माजावर आली, कुठला नर दाखवला, किती पिल्लं झाली, किती जगली. उजव्या पानावर प्रत्येक पिल्लू कुणाकडे गेलं आणि त्याचा फोन. मेलेल्या पिल्लांपुढे कारणही लिहिलेलं. वही बघत होते तेवढ्यात त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली: घराला कुंपण आहे का, दिवसभर घरी कोण असतं, पळायला मोकळं रान कुठे? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका जोडप्याला त्यांनी माझ्यासमोर नाही म्हटलं. गिऱ्हाईक परत पाठवू शकतो, त्याच माणसाकडून पिल्लू घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचंही विचारा. 2017 च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी 18 महिन्यांची झाल्याशिवाय आणि 8 वर्षांनंतर तिची पैदास करायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचापेक्षा जास्त नाही, आणि 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. गावाकडे पुष्कळांनी नोंदणी केलेली नसते. "चालतंय की" म्हणून सोडून देऊ नका. गिऱ्हाईकं विचारू लागली तरच ते करतील. केनेल क्लबचा, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा कागद असेल तर चांगलंच, पण तो वंशाचा कागद आहे, तब्येतीचा नाही.

लसीचं कार्ड हातात घेऊन वाचा. बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत, शेजारी डॉक्टरांची सही-शिक्का. नुसती पेनाने तारीख टाकलेली असेल तर डॉक्टरांना फोन करा. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, खिशात घालून आणलेली टोचली तर ती टोचून न टोचल्यासारखी. पार्वो या विषाणूच्या आजाराने पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. पोट फुगलेलं आणि अंग हडकुळं असेल तर जंत आहेत, शेवटचं औषध कधी दिलं ते विचारा.

कुणी सशामागे सोडलेल्या कुत्र्याचा व्हिडिओ अभिमानाने दाखवला, तर तिथूनच उठा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे, आणि कुत्र्याला त्यासाठी वापरणारा उद्या पाय मोडलेल्या कुत्र्याचं काय करतो, ते मी पाहिलंय.

सगळं पटलं की एका कागदावर लिहून घ्या: जन्मतारीख, आईबाप, दिलेल्या लसी, तीन दिवसांत तुमच्या डॉक्टरांनी दोष काढला तर पिल्लू परत, आणि पुढे कधी सांभाळणं जमलं नाही तर ते पहिल्यांदा विकणाऱ्याकडेच जाईल. तुमच्या डॉक्टरांनाही एक आठवणीने सांगा. या बारीक अंगाच्या शिकारी जातींना भुलीची काही जुनी औषधं लवकर उतरत नाहीत, म्हणून नसबंदीच्या वेळी औषध निवडताना जात लक्षात घ्यावी लागते. आणायला पहाटे निघा, उन्हाच्या आत घरी पोचाल. येताना आईच्या अंगाखालचं पोत्याचं तुकडंही मागून घ्या, पहिल्या रात्री पिल्लू त्यावरच झोपेल.